आईनं घर सोडलं तो रविवार

माझे वडील उद्यमनगरातल्या एका कारखान्यात लेथवर काम करायचे. लोखंडावरून केसाएवढा थर नेमका उतरवणारा त्यांचा हात. कारखान्यात त्याचं कौतुक व्हायचं. घरी तोच हात आईवर पडायचा. कधी थोबाडीत, कधी पट्ट्यानं. एकदा त्यांनी तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं होतं. कारण लागायचंच असं नाही. दारूही क्वचितच. शुद्धीत असलेला माणूस असं मारतो, याचीच मला जास्त भीती वाटायची.

आम्ही ख्रिस्ती. दर रविवारी आई सुजलेल्या गालावर पदर ओढून चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "मोरीत पाय घसरला." घरी मी तिच्यावर चिडायचे. तिचं उत्तर ठरलेलं, "ह्यो माझा क्रूस हाय. प्रभूनं सोसलं, मग मी न्हाय सोसायचं?"

असला देव मला नको होता. प्रार्थनेत देवाला 'बाप' म्हणायची वेळ आली की मी ओठ मिटून घ्यायचे. त्या शब्दाला मला मशीनच्या तेलाचा वास यायचा.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. उपासनेहून यायला आम्हाला अर्धा तास उशीर झाला. आईनं घाईघाईनं मटण शिजवलं. वडील जेवायला बसले, रस्सा अजून उकळत होता.

"देवाकडं जेवायचं हुतं की मग," ते म्हणाले, आणि उठून त्यांनी चुलीवरचं पातेलं फडक्यानं धरून आईच्या अंगावर ओतलं.

आई ओरडली नाही. तिच्या तोंडून नुसता श्वास आत ओढल्याचा आवाज आला. खांद्यापासून कोपरापर्यंत कातडी लाल होऊन सुटायला लागली होती, आणि ते कमरेचा पट्टा काढत होते.

पाट्यावरचा वरवंटा मी कधी उचलला ते आठवत नाही. त्यांच्या कानामागे बसला तो. ते गुडघ्यावर आले, मानेवरून रक्त बनियनमध्ये उतरलं. मी दुसऱ्यांदा हात उचलला. हे मी स्पष्ट लिहिते, कारण तो घाव त्यांना थांबवण्यासाठी नव्हता. मला त्यांना मारून टाकायचं होतं.

आईनं भाजलेल्याच हातानं माझं मनगट धरलं. "पुरं. पुरं गं बाळा. चल हितनं."

लग्नाच्या बावीस वर्षांत तिच्या तोंडून 'चल' पहिल्यांदा निघालं होतं.

रिक्षानं आम्ही आमच्या चर्चमधल्या एका निवृत्त नर्सकडे गेलो. ठेंगणी, सत्तरीची, एकटी राहणारी बाई. सगळे तिला मावशी म्हणायचे. तिनं काही न विचारता आईचं ब्लाउज कात्रीनं कापलं आणि गार पाण्याची धार धरली.

"रस्सा सांडला," आई म्हणाली.

"आणि पाठीवरचे वळ? तेबी सांडले व्हय?"

आई पुटपुटली, "क्रूस हाय माझा, मावशी."

मावशीचा हात थांबला. "येशूनं क्रूस आपल्या मनानं घेतला, जगासाठी. तुझ्या पाठीवर ह्यो नवऱ्यानं टाकलाय. त्याला देवाचं नाव देऊ नगंस. देवाला तुझी माया हाय पोरी, तुझा मार बघून त्याला सुख न्हाय होत."

तेव्हा आई रडली. कण्हत, हुंदके देत, लहान मुलीसारखी. मावशी पाणी ओतत राहिली. मग तिघी दवाखान्यात गेलो, तिथून पोलीस चौकीत. मी माझा घावही सांगितला.

वडिलांच्या डोक्याला सात टाके पडले; दवाखान्यात होते म्हणून पोलिसांनी त्यांना अजून धरलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी भर दुपारी ते लोखंडी गज घेऊन मावशीच्या दारात आले. खिडकीची काच फुटली, कुंड्या फुटल्या. मावशीनं दार उघडलं.

"आधी हातातलं खाली ठेव, मग बोल."

त्यांनी तिला ढकललं. पायरीवर पडून तिचा हात मोडला. हाड वाजलेलं मी आतून ऐकलं. शेजाऱ्यांनी त्यांना धरलं, बेदम मारलं, मग पोलीस आले. मला ते मारणं बघून बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीच शिसारी आली.

संध्याकाळी मी प्लास्टरमधल्या मावशीजवळ बसले. "मावशी, मला त्यांना ठार मारायचं हुतं. अजून वाटतंय. देव माझं तोंड तरी बघंल का?"

"तू वरवंटा उचललास तवा देव काय घराबाहेर उभा हुता? तिथंच हुता की. सगळं बघून मग तुला हितं आणलं त्यानं."

"मला त्याला बाप म्हणता येत न्हाय."

"मग नको म्हणू. नुसतं 'देवा' म्हण. न्हाईतर गप्प बस. तो काय शब्दांवर अडून बसलाय व्हय?"

मी गप्प बसले. तिनं धडधाकट हात माझ्या डोक्यावर ठेवला. कुणी हात उचलला की मी मान आत घ्यायचे, तेव्हाही घेतली. तो हात तसाच थांबला, माझी मान सैल होईपर्यंत. देवाचं प्रेम म्हणजे काय, हे मला प्रवचनातून कधी कळलं नाही. त्या संध्याकाळी थोडंसं कळलं.

वडील सुधारले नाहीत. शिक्षा भोगून ते कागलला भावाकडे राहायला गेले. आईला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाचं काम मिळालं, मी शिक्षिका झाले. मी त्यांना क्षमा केली असं म्हणणार नाही. काही सकाळी जमते, काही सकाळी नाही.

गेल्या वर्षी चुलत्याचा फोन आला. वडिलांची एक बाजू लुळी पडली होती, आणि ते आईचं नाव घेत होते. आईनं फोन ठेवला आणि तव्यावरची भाकरी उलटली.

"मी न्हाय जायची," ती म्हणाली. मग डोळे मिटून, हळू, "देवा, तू जा त्याच्याकडं. माझ्याच्यानं न्हाय होत."