सणासुदीची गोळी

एव्हरशाईन सिटीत मधुमेह काय, दर मजल्यावर होता. पण दादरच्या मोठ्या डॉक्टरने लिहून दिलेला मधुमेह दिनानाथ परुळेकरांचा एकट्याचा. गोळीही भारीतली. कुणाकडे जेवायला गेले की चंदेरी पाकीट ताटाशेजारी ठेवायचे, समोरच्याला नाव वाचता येईल असं.

२००३ साली ते रिटायर झाले आणि त्याच वर्षी उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. घरात त्यांच्याकडे एकच खातं होतं, मासळीचं. पापलेटचा कल्ला उचलून ताजेपणा सांगणारा हा माणूस आता शिळा हलवा मासा हसतमुखाने घरी आणू लागला. शेवटी बाजारातली बायजाच म्हणाली, "काका, पयले डोले करून या. तुमाला फसवायला मजा नाय येत."

डोळ्यांच्या डॉक्टर स्वप्ना म्हणाल्या, "साखर खाली आल्याशिवाय मी हात लावणार नाही. तीन महिन्यांनी या."

आता गोळी चुकवून चालणार नव्हतं आणि पेन्शनीत ती परवडत नव्हती. औषधवाल्या फेबियनने दुसरी पट्टी पुढे केली.

"अंकल, औषध तेच, पॉवर तीच, फक्त कंपनी वेगळी. आणि किती स्वस्त बघा!"

"स्वस्त म्हणजे गुणही तेवढाच येणार ना रे?"

"शुगरला काय वाचता येतं काय, पाकिटावर काय लिहिलंय ते?"

दिनानाथांनी तोडगा काढला. घरात चांगले कप पाहुण्यांना आणि कान तुटलेले घरच्यांना, त्याच रीतीने त्यांनी गोळ्या वाटून टाकल्या. एरवी स्वस्त गोळी. रविवारी, सणाला आणि व्याही आले तर भारी. स्वस्त गोळीवर विश्वास इतका कमी, की बिचारीला एकटीला झेपायचं नाही म्हणून तिच्या मदतीला त्यांनी भात अर्धा केला, चहातली साखर सोडली, रोज सकाळी तासभर चालू लागले. भारी गोळीच्या दिवशी मात्र पथ्याला सुट्टी. "ती समर्थ आहे," असं म्हणत जिलबीचं ताट पुढे ओढायचे.

तपासणीच्या आधीचे आठ दिवस तर भारी गोळीच. परीक्षेला नवा शर्ट घालावा तशी.

रिपोर्ट उत्तम आला. दिनानाथ खुर्चीत ताठ झाले. "शेवटी भारी ते भारीच, डॉक्टर. गेले आठ दिवस तीच घेतली."

"काका, ही काही आठ दिवसांची साखर नाही. तीन महिन्यांची सरासरी आहे."

सोबत आलेल्या त्यांच्या बायकोला, आशालताबाईंना, एवढंच हवं होतं. "म्हणजे ज्या गोळीला हे रोज नाकं मुरडत गिळत होते, तिने डोळा वाचवला. आणि त्या समर्थ बाईसाहेब रविवारच्या जिलब्या निस्तरत बसल्या!"

दिनानाथांनी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघितलं. तिकडेही काही दिसेना.

"गुरुवारी ऑपरेशन," डॉक्टर म्हणाल्या. "डोळ्यात लेन्स कुठली बसवू? देशी की इम्पोर्टेड?"

आशालताबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या.

"दिसण्यात फरक?" दिनानाथांनी खालच्या आवाजात विचारलं.

"तुमच्या डोळ्याला काही नाही. पापलेट दोन्हींतून पापलेटच दिसेल."

"मग देशी बसवा." त्यांनी मोठा निःश्वास सोडला, दाराकडे एकदा बघून घेतलं आणि पुढे वाकले. "पण डॉक्टर, डोळ्यात बसवल्यावर बाहेरून कुणाला कळत नाही ना, कुठली आहे ते?"