आखूड कफन

दुपारची प्रार्थना नुकतीच संपली आहे. जुन्या चर्चच्या अंगणात ऊन पिवळ्या पडद्यासारखं लोंबतं आहे. डाव्या हाताच्या बाकांवर एका घराण्याची माणसं, उजव्या हाताला दुसऱ्या घराण्याची. मधल्या मोकळ्या जागेत खांबाला एक मेंढा बांधलेला, समेट झाला तर कापायचा; एवढ्या गर्दीत तोच काय तो निश्चिंत. गल्लीच्या तोंडाशी एक उंच माणूस दिसतो. अनवाणी, उघड्या डोक्याचा. पुढे धरलेल्या दोन्ही हातांवर घडी घातलेलं पांढरं कफन. मी मेलेलाच आहे, पुरायचं की जगवायचं ते तुम्ही ठरवा, असं न बोलता सांगत तो पावलं टाकतो. इजिप्तमधल्या या सगळ्या अखमीम गावाचे डोळे त्याच्या चेहऱ्यावर आहेत. फक्त खुर्चीत बसलेली म्हातारी त्याच्या चेहऱ्याकडे बघत नाही. ती कापडाकडे बघते आहे.

ही तकला. आळीत तिला उम्म वीसा म्हणत, वीसाची आई.

तकलाचा स्वभाव जन्मापासून संशयी. दूध घेताना ती आधी हुंगायची, मग बोट बुडवायची, मग गवळ्याच्या तोंडाकडे बघायची. लग्नात नवऱ्याने अंगठी घातली तेव्हा तिने ती दाताने चावून पाहिली होती, आणि त्या गोष्टीवर तो बिचारा मरेपर्यंत हसत राहिला. तसबिरीतल्या मरियमेसमोर मेणबत्ती लावून ती निघायची आणि दारातून एकदा मागे वळून बघायची, कुणी विझवून तर नेली नाही ना. विश्वास तिने आयुष्यात एकाच माणसावर टाकला, आपल्या मुलावर. बुटका, हसरा, मागावर बसला की गाणारा वीसा.

त्याला फामने मारलं. शेजारच्याच घरातल्या फामने. दोघं एका खड्ड्यात पाय सोडून एकाच मागावर विणायला शिकले होते. रंगवलेल्या सुताच्या एका गठ्ठ्यावरून बाजारात बाचाबाची झाली, फामच्या हातात लाठी होती, आणि ती डोक्यावर बसली. फाम पळाला नाही. पोलीस येईपर्यंत तिथेच उकिडवा बसून राहिला. ‘पळाला नाही म्हणजे काहीतरी डाव असणार,’ तकला तेव्हाही म्हणाली होती.

खुनाचा बदला किंवा समेट होईपर्यंत दुखवटा घ्यायचा नाही, ही तिथली रीत. तकलाने घेतला नाही. आलेल्या बायकांना उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. वीसाचं प्रेत सरकारी दवाखान्यातून आलं ते तिथल्याच डागाळलेल्या चादरीत, आणि गडबडीत तसंच पुरलं गेलं. ती चादर तकलाच्या डोळ्यांसमोरून कधी हलली नाही. चर्चमध्ये ‘आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो’ ही ओळ आली की ती ओठ मिटून घ्यायची. देवाच्या तोंडावर खोटं बोलणार नाही, म्हणायची. आणि ओठ मिटले म्हणजे प्रभूचं भोजनही नाही. सगळी आळी वेदीकडे जायची तेव्हा ती मागच्या खांबाशी उभी. फामने दगड फोडत सक्तमजुरी संपवली तोपर्यंत तिच्या छातीत पाणी व्हायला लागलं होतं.

तेव्हा अबूना मत्तिया, चर्चचे पाद्री, तिच्या घरी येऊन बसले.

“उम्म वीसा, फाम सुटलाय. जेरुसलेमची यात्रा करून आलाय. कफन घेऊन तुझ्या पायाशी येतो म्हणतो.”

“का?”

“का म्हणजे? क्षमा मागायला.”

“इतकी वर्षं नाही सुचलं ते.”

“तुरुंगात होता ना, बाई.”

“तेच म्हणते. तुरुंगात माणूस काय काय शिकतो, अबूना. तुम्हाला त्याने काय दिलं?”

“मला?” अबूना दाढीतल्या दाढीत हसले. “डोक्याला ताप दिला. तुझ्यासारखाच.”

“आणि यात्रा केली कशावरून?”

“हातावर तिथलं गोंदण आहे. क्रूस, आणि खाली साल.”

“गोंदण काय, जत्रेत बसलेला कुणीही काढून देतो.”

अबूनांनी हसणं थांबवलं. “तकला, वैद्य मला काय म्हणाला ते तुला माहीत आहे. उद्या तू गेलीस आणि मनात हे घेऊन गेलीस, तर मी तुझ्या उशाशी कुठल्या तोंडाने तारणाची प्रार्थना म्हणू?”

ती बराच वेळ खोकली. मग म्हणाली, “येऊ दे. पण बघून घेईन.”

तर आता ती बघत होती.

फाम तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि त्याने हात पुढे केले. कफन घेऊन आलेल्याने, समोरचा ‘बोल’ म्हणेपर्यंत, तोंड उघडायचं नसतं. तकला उठली. तिने घडी उचलली, झटकली, आणि आयुष्यभर कापड मापलेल्या हातांनी त्याच्या खांद्याला लावून खाली सोडली.

“उभा राहा.”

तो उभा राहिला. कापड त्याच्या पोटऱ्यांच्या वरच संपलं.

“बघा रे सगळे,” तकला वळून म्हणाली. “याला यात गुंडाळलं तर पाय उघडे राहतील. कफन असं असतं होय? याने मरायचं कापड आणलेलंच नाही. देखावा आणलाय.”

उजवीकडचे बाक खाली बघू लागले. डावीकडून तिच्या दिराचा मुलगा हर्मीना लाठी टेकत उठला. “काकू, मी म्हटलंच होतं. आला मोठा मुकद्दस. यात्रेकरू म्हणे.”

“खाली बस, हर्मीना,” अबूना म्हणाले. त्यांचाही आवाज खाली आला होता, कारण कापड खरंच आखूड होतं. “उम्म वीसा, त्याला बोलता येत नाही. तू बोल म्हटल्याशिवाय.”

“काय बोलणार? थाप मारेल.”

“मग थाप ऐक. पण बोल म्हण.”

तिने फामकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. दात पडले होते. त्याच्या आईला ती ओळखत होती, तिची हनुवटी त्याला आली होती.

“बोल.”

फामचा आवाज बसला होता. “ते माझं नाही, मावशी. वीसाच्या मापाचं आहे.”

फामने आपल्या पोटरीपाशी बोट लावलं.

“त्याचा झब्बा मी कितीदा घातलाय. मला इथपर्यंतच यायचा, तुम्हीच हसायचात. तुरुंगात माग होता, त्यावर हे विणलं. प्रभूला ज्या शिळेवर तेल लावून निजवलं तिच्यावर पसरून आणलंय. त्याला त्या चादरीत नेलं, ते कळलं होतं मला.”

“आणि तुझं कफन?”

“नाही नेलं.”

“का? यात्रेकरू तिथे स्वतःचंच कफन नेतात.”

“मला वाटलं, तुम्ही मला मारालच. मग तुम्ही द्याल ते.”

तकलाने कापड नाकाशी नेलं. गवळ्याच्या दुधासारखं हुंगलं. तेलाचा वास येत होता, गोडसर, जुना. तिने काठ उजेडात धरला, उलटा केला, बोट फिरवलं. अत्तरवाल्याकडेही असा वास मिळतो, हे तिला माहीत होतं. तुरुंगात माग असतो की नाही, हे माहीत नव्हतं. या माणसाने खरं सांगितलं की एखाद्या वकिलाने पढवलं, हे तिला आज कळणार नव्हतं. उद्याही नाही. कापड कितीही उलटंसुलटं केलं तरी नाही. ती हात थांबवून तशीच उभी राहिली, आणि बघणाऱ्यांना वाटलं, म्हातारीला चक्कर येतेय.

“काकू?” हर्मीनाने विचारलं.

“लाठी ठेव.”

“काकू, खोटं बोलतोय तो.”

“बोलत असेल. मलाही तसंच वाटतं.” ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. “अबूना, विश्वास बसायलाच हवा का?”

अबूना मत्तियांनी गळ्यातला क्रूस हातात घेतला. “प्रभूने क्रुसावरून क्षमा केली तेव्हा खाली उभ्या असलेल्यांवर त्याचा विश्वास होता असं कुठे लिहिलेलं नाही, बाई.”

“हं.” तकलाने कापडाची घडी घातली. कडेला कड जुळवून, सावकाश, दुकानात घालतात तशी. घडी घालताना तिचे खांदे हलायला लागले. तोंडातून आवाज निघाला तो कुणाला ओळखूच आला नाही, कारण वीसा गेल्यापासून तिला रडताना कुणी पाहिलंच नव्हतं. डावीकडच्या बायका उठल्या. मग उजवीकडच्याही उठल्या, आणि मधे वाट अडवायला कुणी नव्हतं.

रडून झाल्यावर तिने पदराने नाक पुसलं. फाम तिचा हात ओठांना लावायला वाकला. तिने हात दिला, पण दुसऱ्या हातातलं कफन छातीशी घट्ट धरून ठेवलं.

“माफ केलं,” ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग आवाज उतरवून, फक्त त्याला: “उद्या थडगं उघडायला लावते. आत तूच उतरायचंस, त्याच्या अंगावर हे तूच घालायचंस. मी वर उभी राहून बघणार आहे, नीट घालतोस की नाही.”