उताणंच निजवा!

माझ्या पायाचा अंगठा माझ्याच मुलीच्या बारशात मोडला.

बाळंतपण दुसरबीडला, बायकोच्या माहेरी. मी बुलढाण्याला कारकून. दवाखान्यातल्या सिस्टरनं बजावलं होतं: बाळाला उताणं निजवा, गादी सपाट आणि टणक हवी, अंथरुणात उशी-गोधडी काही नको, तोंड उघडं ठेवा. मी हे इतकं पाठ केलं, की रोज फोनवर बायकोला म्हणून दाखवायचो. (चौथ्या दिवसापासून ती फोन सासूबाईंच्या हातात द्यायला लागली.)

बारशाला बस उशिरा पोचली. तसाच आतल्या खोलीत शिरलो. पाळण्यात तीन गोधड्या, मोहरीची उशी आणि मधोमध लेकरू, दुपटं पार डोक्यावरून ओढलेलं!

"तोंड काऊन झाकलं? श्वास कसा घेईन ते?"

"आयका तं जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "ते आपलं..."

"मले काही आयकायचं नाही! रोज फोनवर काय सांगून राह्यलो मी?"

खोलीत पंचवीस बायका. काहींनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं, पश्चात्ताप झाला! मला आणखीच चेव चढला. उशी फेकली, गोधड्या फेकल्या, लेकराला दुपट्यासकट उचललं. वजन तर भलतंच वाढलं होतं! कौतुकानं हात झबल्याखाली घातला, तर अंग गार! एकदम गार!

"पोरगी गार पडली! गाडी काढा!" मी बोंब ठोकली.

"कोणाची पोरगी?" दारातून बायकोनं विचारलं. तिच्या खांद्यावर आमची लेक, टकामका बघत.

"मंग हे कोण आहे?"

"अहो, वरवंटा व्हय तो!"

लेकरू दगडासारखं दणकट व्हावं, म्हणून त्याच्याआधी वरवंट्याला झबलं-टोपडं घालून पाळण्यात निजवतात. मला कुठलं माहीत! बारशात आम्ही पुरुष फक्त पंगतीपुरते. माझे हातपाय गळाले. वरवंटाही गळाला, थेट अंगठ्यावर.

मी एका पायावर नाचत होतो, तेव्हा सासूबाईंनी पाळण्यात नुसती चादर ताणून अंथरली आणि नातीला उताणं निजवलं. गोधडी घेऊन आलेल्या मावशीला त्यांनी हातानंच थांबवलं. "जावई येडे हायेत, पण सांगतात ते बराबर हाय." मला भरून आलं. (अंगठ्यामुळे असेल, पण आलं.)

आत्यानं लेकीच्या कानात नाव सांगितलं, ओवी. माझंही नाव गावानं त्याच दिवशी ठेवलं. अजून दुसरबीडच्या स्टँडवर उतरलो, की कोणीतरी ओरडतंच, "वरवंट्याचा बाप आला बे!"