तात्यांची डिस्पोजलची गाडी

मी लष्कराच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे वायरलेसच्या तुकडीत, ड्रायव्हर होतो, हुद्दा लान्स नायक. लढाई संपल्यावर ब्रह्मदेशातून सुटून कराडजवळच्या आमच्या गावी परतलो आणि महिनाभरात तात्यांचं बोलावणं आलं. तात्या म्हणजे दत्तूचे वडील. दत्तू माझ्याच गाडीवर वायरलेस ऑपरेटर होता. तो परत आला नाही.

गूळ सांगलीच्या पेठेत न्यायला तात्यांनी लष्कराच्या डिस्पोजलच्या, म्हणजे जुन्या मालाच्या, लिलावातून एक बंद गाडी घेतली होती. आत टेबल, फळ्या, खुंट्या. ढेपा रचायला जागाच नाही. गावाची अक्कल पाजळून झाली होती. कुणी म्हणे पगार वाटायची गाडी, कुणी म्हणे साहेबाचं स्वयंपाकघर.

"तू लष्करात गाडी चालीवली. ही कशाची हाय, सांग. मग सुतार लावतो तोडायला," तात्या म्हणाले.

मी मागचं दार उघडलं. डावीकडे अरुंद टेबल. छताजवळ एरियलची वायर बाहेर काढायचं भोक. खालची फळी ॲसिडनं खाल्लेली, म्हणजे तिथं बॅटऱ्या. ओळखायला अर्धं मिनिट लागलं.

"वायरलेसची हाय, तात्या. आमची अशीच हुती."

"मंजी दत्तू असल्यातच बसायचा?"

"व्हय. ह्या टेबलाशी."

"कसा गेला रं?"

हा प्रश्न टाळायलाच मी महिनाभर त्यांच्या दारावरून गेलो नव्हतो. मला लाज वाटत होती.

बॅटऱ्या भरायचं छोटं इंजिन गाडीपासून शंभर पावलं लांब, खड्ड्यात ठेवायचं, असा आमचा नियम. आवाजावरून शत्रू गाडी हुडकतो. त्या दिवशी गुडघाभर चिखल होता. मी कंटाळा केला, इंजिन गाडीच्या मागंच ठेवलं.

"लांब ने गड्या," दत्तू म्हणाला.

"तासाभराचं तर काम हाय," मी म्हणालो.

दुपारी साडेतीनला मी ओढ्यावर पाण्याला गेलो. पुढचं मला हवालदारानं सांगितलं. मॉर्टरचा पहिला गोळा गाडीच्या पलीकडे पडला. हवालदार खंदकातून ओरडला, "दत्तू, भाईर ये." आतून उत्तर आलं, "मेसेज संपवून आलो." सेटवरच्या दुसऱ्या टोकाच्या ऑपरेटरनं, हे त्यानंच नंतर कळवलं, मागितलं, "से अगेन. ओव्हर," म्हणजे पुन्हा सांग. दत्तूनं मेसेज पहिल्यापासून सांगायला घेतला. तिसरा गोळा गाडीला लागून फुटला. अहवालात 'शत्रूच्या माऱ्यात' एवढंच आलं. माझं नाव कुठं आलं नाही.

मी तात्यांना सगळं सांगितलं, इंजिनासकट.

ते गाडीत चढले आणि आतून दार ओढून घेतलं. मी बाहेर उन्हात उभा राहिलो. बऱ्याच वेळानं ते उतरले.

"तुझं त्वांड बघवत न्हाई मला," ते म्हणाले. "पर घरात जा. त्याच्या आईला इंजिनाचं सांगू नगंस. तिला वाटतंय, पोरगं उन्हातान्हात रायफल घिऊन पळत हुतं. सावलीत बसून काम करायचा, म्हनून सांग."

काकू जोंधळे निवडत होत्या. मी सांगितलं. त्यांचा हात थांबला.

"बसायला काय हुतं रं त्याला?"

"गादी हुती, काकू."

गादी नव्हती. पत्र्याच्या पेटीवर माझं कांबळं घडी करून टाकलेलं असायचं. त्या दिवशी दहनाला सवड नव्हती. दत्तूला त्याच कांबळ्यात गुंडाळून आम्ही मातीआड केलं.