काळी चारचा तबला

तबला कसा पारखून घ्यावा, हे मला कुणी शिकवायला नको होतं. लहानपणापासून वडिलांच्या भजनाला साथ मीच करायचे. पोरीने तबला वाजवणं आमच्या केशोरी गावाकडच्या लोकांच्या डोळ्यांत खुपायचं, बाबांच्या नाही.

घशाच्या आजाराने ते नागपूरला दोन महिने रेडिएशनचे शेक घेत होते. तेवढ्यात घरच्या तबल्याची पुडी, वरचं कातडं, उंदरांनी खाल्ली. परत आल्यावर म्हणाले, "यंदाच्या मंडईत गाईन म्हंतो." दिवाळीनंतरची आमची मंडई, म्हणजे गावची जत्रा, त्यांच्या भजनाशिवाय कधी झाली नव्हती. मी त्यांना न सांगताच गोंदिया गाठलं.

दुकानात तासभर बसले. लाकूड उचलून पाहिलं, वजनदार होतं. मधल्या काळ्या शाईला तडा नव्हता. किनारीवर गोल फिरून टिचक्या मारल्या, सगळीकडे एकच आवाज. दुकानदाराने विचारलं, "किस सुर में गाते हैं?"

"काळी चार." पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा बाबांचा तो उंच सूर गावभर ठाऊक होता. घशाचं दुखणंही मीच त्याला सांगितलं.

"तो फिर एक बार फोन पे गवा लो, दीदी. यह तबला छोटे मुँह का है, इसका सुर ज्यादा नीचे नहीं उतरेगा."

मला रागच आला. जन्मापासून ऐकलेला आवाज हा मला सांगणार? अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय. पैसे मोजून तोच तबला घेऊन निघाले.

घरी पहिल्याच थापेला बाबांनी माझ्याकडे पाहिलं. तबल्याला गाठायला त्यांनी आवाज चढवला, मानेच्या शिरा ताणल्या, आणि दुसऱ्याच ओळीत आवाज फाटला. खोकला थांबेना. मी हातोडीने सूर उतरवू लागले; पुडी सैल पडली, नाद गेला. ते नागपूरहून आल्यापासून पंधरा दिवस आम्ही एकाच घरात होतो. त्यांचा आवाज खाली बसलाय, हे बोलताना कळतच होतं. मला ते ऐकायचं नव्हतं.

"उद्या बदलून आनीन, बाबा."

"नोको बदलू," ते म्हणाले. "तुह्या ध्यानात माहा आवाज असाच हाय ना? मंग असाच राहू दे."

मंडईत ते मफलर गुंडाळून पुढे बसले आणि दुसऱ्यांचं भजन ऐकत राहिले. त्यानंतर ते कधीच गायले नाहीत. पुढच्या दिवाळीआधी गेले. खालच्या सुरात का होईना, त्यांना गाता आलं असतं. तो आवाज मी ऐकलाच नाही.