अर्ध्या दमाच्या बाई

आमच्या बाई लांब वाक्य कधीच बोलत नसत. लोकांना तो पुणेरी तुटकपणा वाटे. खरं कारण वेगळं होतं. लहानपणीच्या क्षयानं त्यांचं डावं फुप्फुस जवळजवळ निकामी केलं होतं. आणि अशा बाईंनी आयुष्यभरासाठी विषय कोणता घ्यावा, तर चंद्रावरच्या धुळीनं फुप्फुसांचं काय होतं!

मी त्यांच्या हाताखाली संशोधन करत होते. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "चंद्रावर वारा नाही. पाणी नाही. धुळीच्या कडा झिजत नाहीत. काचेसारख्या राहतात." शिवाय तिथं वस्तूंना वजन कमी. त्यामुळे कण सावकाश खाली बसतात, श्वासाबरोबर खोल जातात.

खरी चंद्रधूळ आम्हाला कोण देणार? म्हणून तिच्याशी मिळताजुळता, वाघोलीच्या खाणीतला काळा दगड आणून आम्ही त्याची पूड करायचो. एकदा बाई स्वतःच खाणीवर आल्या. खडीच्या यंत्राभोवती धुरळा उसळत होता आणि तोंडाला पदर बांधलेल्या बायका त्यातून खोकत पाट्या वाहत होत्या.

"मॅडम, दगड भरलाय गाडीत," मालक म्हणाला.

"यांची छाती कोण तपासतं?"

"त्यात काय तपासायचं?"

"रविवारी येऊन सांगते."

तेव्हापासून दर रविवारी श्वास मोजायचं यंत्र घेऊन आम्ही खाणीवर. आमच्या संस्थेच्या संचालकांनी बोलावून सुनावलं, "अहो बाई, आपला प्रकल्प चंद्राचा आहे."

"चंद्रावर माणूस जाईल तेव्हा जाईल. वाघोलीला आजच बस जाते."

त्या धुळीत बाईंना स्वतःला धाप लागे. "तुम्ही येऊ नका, मी जाते," असं मी एकदा म्हटलं.

"तुला तो मालक चहा पाजून परत पाठवेल," त्या म्हणाल्या आणि चपला घालू लागल्या.

मालकानं टाळाटाळ केली, फाटक बंद ठेवलं. बाई फाटकाबाहेर दगडावर बसून तपासत राहिल्या. अखेर कंटाळून त्यानं खडीच्या यंत्रावर पाण्याचे फवारे बसवले. धुरळा पहिल्यांदा खाली बसला त्या सकाळी पाटी उतरवून एक बाई ओरडली, "आगं, आज म्होरची बाई दिसतीय की!" आमच्या बाई दम संपेपर्यंत हसल्या.

पुढे अंतराळवीरांच्या तपासणीचं काम मिळून मी बंगळूरला निघाले. निरोप देताना त्या एवढंच म्हणाल्या, "आधी माणूस बघ. मग चंद्र."

त्याच हिवाळ्यात न्यूमोनियानं त्यांचं उरलेलं फुप्फुसही नेलं. त्या गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर अंतराळात जाऊ पाहणारा एक तरुण वैमानिक तपासणीसाठी बसला होता. मी डोळे पुसले, यंत्र बाजूला ठेवलं आणि त्याला विचारलं, "तुम्ही कुठल्या धुळीत वाढलात?"