कच्च्या मातीची बाई

"उन्हात बसवलीय म्हणल्यावर पाणी तर द्यावंच लागंल," असं सोमा एकदा म्हणाला होता. विचारणारा बागेचा चौकीदार हिरामण, आणि तेही थट्टेत. सोमा तेव्हा मातीच्या बाईच्या खांद्यांवर ओलं गोणपाट टाकत होता.

"काय सोमाभाऊ, आज पाणी, उद्या चहा-खारी का?"

"तू तुझं गेट सांभाळ."

हे २००३ च्या एप्रिलमधलं. गंगापूर रोडच्या खाली, नदीच्या अंगाला असलेल्या जुन्या सरदारबागेत महिनाभराचं शिल्पप्रदर्शन भरलं होतं. दगडी कारंज्याभोवती लोखंडी पक्षी होते, आमराईत काळ्या दगडाची घोडी होती, आणि कोरड्या हौदाजवळ, जिथे सावली म्हणून येत नाही, तिथे शिल्पकार ज्योत्स्नाबाईंनी ही बाई बसवली होती. कच्ची माती आणि भाताचं तूस मळून केलेली. गुडघे पोटाशी, एक हात डोक्यावर. तोंड किंचित उघडं.

सोमा पेठच्या पलीकडचा. बागेत माळी म्हणून त्याला बावीस वर्षं झाली होती. जे लावलं त्याला पाणी घालायचं, एवढं तो जाणत होता. रोज सकाळी गुलाबाचे वाफे भिजवले की एक झारी तो हौदाकडे नेई आणि गोणपाट ओलं करी.

आठवडा उलटला तरी बाईला चीर पडेना. ज्योत्स्नाबाई बुचकळ्यात पडल्या. शेवटी हिरामणनेच सांगून टाकलं.

"सोमाकाका," त्या रागावल्या नव्हत्या, "ही तडकायलाच बसवली आहे. ऊन तिला फोडणार. शेवटच्या दिवशी जे उरेल, ते माझं शिल्प. आता पाणी घालायचं नाही हं."

"तडकायला बाई कोन बसवतं?"

ज्योत्स्नाबाई हसल्या. प्रश्न त्यांना आवडला असावा, कारण त्यांनी तो वहीत लिहून घेतला.

सोमाला एकच मुलगी होती, फुला. दिवाळी झाली की ती नवऱ्याबरोबर घोटीच्या पुढे वीटभट्टीवर जायची. सहा वर्षांपूर्वी, याच दिवसांत, बागेच्या ऑफिसात फोन आला: फुलाला ऊन लागलंय, या. सोमाच्या हातात पाइप होता. दोन वाफे राहिले होते. ते भिजवून मग तो एसटी स्टँडवर गेला.

भट्टीवर कच्च्या विटांच्या थप्पीआड फुलाला निजवलं होतं. डोळे उघडे, ओठ फुटलेले. सोमाने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि पत्र्याचा पेला ओठाला लावला. पाणी आत गेलंच नाही. गालावरून ओघळलं, मानेखालच्या मातीत जिरलं. त्याने दुसरा पेला भरला. मग कुणीतरी त्याच्या हातातून पेला काढून घेतला.

बागेत मुलगी वारल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दोन वाफ्यांचं कुणाला ठाऊक नव्हतं.

सोमाने ज्योत्स्नाबाईंचं ऐकलं. गोणपाट काढून घेतलं. विहिरीवरून गुलाबाकडे जायची वाट हौदावरून होती, ती सोडून तो आमराईच्या बाजूने वळसा घालू लागला. तरी दिसायचंच. आधी मान तडकली, मग गुडघे. एक कान गळून पडला. रविवारी आलेली माणसं चिरेत बोट घालून बघत. "बाप रे, केवढी खोल!" असं म्हणून फोटो काढत.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी समारंभ होता. हौदासमोर खुर्च्या मांडल्या. धूळ उडू नये म्हणून पाणी मारायला सोमाला सांगितलं. लोक येऊन बसू लागले होते. झारी घेऊन तो रांगेरांगेतून शिंपडत पुढे आला, आणि पुढच्या रांगेनंतर बाईच होती.

तो वाकला. एक हात तिच्या मानेमागे धरला आणि झारीचं तोंड तिच्या ओठाशी नेलं.

मातीने पाणी घटाघट ओढून घेतलं. बारीक फुसफुस झाली, चिरांतून बुडबुडे आले. सोमाला वाटलं, प्याली. त्याने आणखी ओतलं. मग हनुवटी सैल झाली आणि खाली घसरली. गाल गेला. डोक्यावरचा हात मांडीत पडला. तो दोन्ही तळव्यांनी तोंड सावरायला गेला, तर तोंडच त्याच्या हातात आलं, नुसता चिखल होऊन.

"अहो, काय करताय!" कुणीतरी ओरडलं. ज्योत्स्नाबाई धावत आल्या आणि जागीच थबकल्या.

"थांबा. कुणी हात लावू नका," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आधी फोटो घ्या." मग सोमाकडे वळल्या. डोळे भरून आले होते त्यांचे. "काका, मला हे सुचलंच नव्हतं. शेवट तुम्ही केलात."

मागच्या रांगेतून एक टाळी आली, मग सगळ्यांच्याच.

हिरामणला मात्र या वेळी थट्टा सुचली नाही. गळ्यातला पंचा काढून तो पुढे झाला. "सोमाभाऊ, हात पूस."

सोमाने पंचा घेतला नाही.

"या ना काका, इकडे, माझ्याशेजारी उभे राहा," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. कॅमेरेवाला गुडघ्यावर बसला होता.

सोमाने रिकामी झारी हौदाच्या काठाला नीट टेकवून ठेवली. चिखलाचे तळवे अंगापासून लांब धरून तो खुर्च्यांच्या मधून चालू लागला. लोकांनी पाय आत घेतले. गेट उघडंच होतं.